मिद्यान्यांचं सहावं वर्ष

आमच्या शेजारचे रूबेनकाका झिराडकर दुकानातून आणलेलं धान्य मळक्या कपड्यांखाली लपवून घरात नेतात.

हे ऐकीव नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलं आहे. काका गाडी लावतात, डिकी उघडतात, रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकतात. मग गव्हाची पिशवी लाँड्री बास्केटमध्ये ठेवून तिच्यावर चार शर्ट आणि एक टॉवेल पसरतात, बास्केट कमरेवर घेतात आणि शीळ घालत दाराकडे निघतात. ती शीळ अशी असते की ज्याच्या मनात काही नव्हतं त्यालाही संशय यावा.

पिस्कॅटवेच्या या टाउनहाउसमध्ये मी आणि माझा नवरा अनिकेत ऑक्टोबरमध्ये राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात सत्तरी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले गृहस्थ. हातात कॉफीचा मोठा डबा, झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी.

"मराठी ना? टपालपेटीवर नाव वाचलं. मी रूबेन झिराडकर, भिंतीपलीकडचा. एवढा डबा तुमच्याकडे ठेवा. कोणी विचारलं तर तुमचाच म्हणून सांगा."

"कोण विचारणार?" अनिकेतने विचारलं.

"मिद्यानी."

अनिकेत पुण्याचा आहे. त्याला प्रत्येक आडनावाचं गाव ठाऊक असतं. "सिंधी आहेत का? कुठल्या युनिटमध्ये राहतात?"

काकांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. "ते राहत नाहीत बाबा. ते येतात. हे सहावं वर्ष चालू आहे." आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळून म्हणाले, "सध्या दिवस त्यांचे आहेत."

हे त्यांचं पालुपद. टोमॅटो महाग झाले, सध्या दिवस त्यांचे आहेत. टर्नपाइकच्या हायवेवर तासभर अडकलो, दिवस त्यांचे आहेत. असोसिएशनने कचऱ्याचे डबे दारात ठेवू नका असं पत्र पाठवलं, तर ते पत्र दोन बोटांत धरून काका मला दाखवायला आले होते. "बघ. आता लिहून कळवायला लागले."

काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वज कधीकाळी जहाज फुटून अलिबागच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. काका अजूनही प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. इकडे आले तरुणपणी, आणि रिटायर होईपर्यंत लिफ्ट दुरुस्त केल्या. मराठी इतकं स्वच्छ की मी नागपूरची असून त्यांच्यासमोर 'करून राहिले' म्हणायला बिचकते.

मिद्यानी कोण ते त्यांनीच मला सांगितलं, कॉम्प्लेक्सला फेऱ्या मारताना. त्यांच्या धर्मग्रंथात शास्त्यांचं पुस्तक आहे, त्यातली हकीकत, पण काका ती गेल्या आठवड्यात घडल्यासारखी सांगायचे.

"पीक तयार झालं की यायचे. दरवर्षी. गुरंढोरं, तंबू, उंट घेऊन. टोळधाड परवडली. उंट किती ते मोजता येत नव्हते, आणि मोजायला थांबणार कोण? शेत खायचे, मेंढरू ठेवायचे नाहीत, गाढव ठेवायचे नाहीत. आमची माणसं डोंगरात बिळं करून राहिली. सात वर्षं. मग एक गिदोन नावाचा गडी होता. त्याने गहू कुठे झोडला माहितेय? द्राक्षं तुडवायच्या कुंडात. म्हणजे खड्ड्यात बसून. द्राक्षाच्या खड्ड्यात गहू असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?"

"पण काका, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट ना?"

"आपल्या भिंतीला कान लाव," काका म्हणाले, "मग वर्षं मोज."

मी हसले. एका नव्या भाडेकरूचा ट्रक वळणावर आला होता. काका सरळ त्याच्यापाशी गेले आणि ड्रायव्हरला सामान किती, माणसं किती, जनावरं आहेत का, असं सगळं विचारून आले. "एक मांजर आहे," त्यांनी मला येऊन सांगितलं. "चालेल."

दिवाळीला कॉम्प्लेक्समधली पाच-सहा मराठी घरं एकत्र जमली तेव्हा कळलं, डबा सगळ्यांकडेच आहे. कोणी माळ्यावर ठेवलाय, कोणी गॅरेजमध्ये स्नो टायरच्या मागे. महिन्या-दोन महिन्यांनी काका येतात, डबा हलवून वजन बघतात आणि समाधानाने जातात. सगळे हसत होते. "आणि काकू?" मी विचारलं. हसणं थोडं कमी झालं. फ्लोराकाकू इस्राएलात, अश्दोदला बहिणीकडे गेल्यात, असं काका सांगत. कधी गेल्या? कोणालाच नीट आठवेना. पाच वर्षं तरी झाली असतील. विमानतळावर सोडायला कोणी गेलं होतं का? कोणीच नाही. मग कोणीतरी चकल्यांचा विषय काढला.

मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. नोव्हेंबरात पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन पडलेलं, बाहेर पानं उडत होती, कुठे काही नाही. आणि भिंतीतून धप्प. मग मोजून दोन श्वास जातील एवढी शांतता. मग धप्प. एखाद्या भरलेल्या पोत्यावर काठी मारावी तसं. पंधरा-वीस वेळा झालं की थांबायचं, आणि काहीतरी सरकवल्याचा, ओरखडल्याचा आवाज. रोज तीनच्या सुमाराला. कधी काका गाडी घेऊन बाहेर गेलेले असायचे, तरी आवाज व्हायचा.

एके दिवशी मी खरंच भिंतीला कान लावला. गार लागली भिंत. धप्प बंद झालं होतं. पलीकडे कोणीतरी अगदी हळू आवाजात मोजत होतं. "सात. आठ. आठ झाले. आठ." बाईचा आवाज. मग मोजणं थांबलं, आणि मला वाटलं, पलीकडेही कोणीतरी भिंतीला कान लावला आहे. मी श्वास रोखून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. कान काढला तेव्हा कॉलवर मॅनेजर माझं नाव तिसऱ्यांदा घेत होता.

अनिकेतला सांगितलं. तो म्हणाला, पाइप असतील. मी म्हटलं, पाइप मराठीत मोजत नाहीत.

त्या रात्री आम्ही आमचा डबा उघडला. चोरी केल्यासारखं वाटत होतं. आत गहू होता. साधा गहू, थोडा भुसा, काडीचे तुकडे. पण त्यात मधूनमधून काही दाणे सोन्याचे होते. म्हणजे सोनेरी. लख्ख. अनिकेतने एक दाणा नखाने खरवडला, तर खालून साधा गहू निघाला. कोणीतरी गव्हाच्या एकेका दाण्याला मुलामा चढवला होता, आणि तो डबा आमच्याकडे लपवायला दिला होता. आम्ही झाकण लावलं आणि नवी चिकटपट्टी मारली.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. सकाळी मी चहा घेऊन मागच्या खिडकीशी आले. अंगण पांढरंशुभ्र, कोरं. आणि त्यावर पावलं. लहान पावलं, अनवाणी. पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. काकांच्या मागच्या दारातून निघून ती भिंतीच्या कडेकडेने आली होती आणि माझ्या खिडकीखाली थांबली होती. तिथे बर्फ खोल वितळला होता. जो कोणी होता तो बराच वेळ उभा होता. बोटं माझ्या घराकडे वळलेली होती.

खिडकीच्या कट्ट्यावर बाहेरच्या बाजूने एक रुमाल होता, गाठ मारलेला. आत मूठभर गहू.

काका केरसुणी घेऊन आले आणि मागे सरकत सरकत पावलं पुसायला लागले. मी खिडकी उघडली.

"काका, हे कोणाचे पाय?"

"टेहळ्याचे. त्यांचा टेहळ्या येतो पुढे."

"अनवाणी?"

काकांनी विचार केला. "घाईत असेल," ते म्हणाले. शेवटची दोन पावलं, माझ्या खिडकीखालची, त्यांनी केरसुणीने पुसली नाहीत. खाली वाकून हाताने बर्फ सारखा केला, एखाद्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.

त्यानंतर चौथ्या दिवशी काका पडले.

भर दुपार होती. समोरच्या पायरीवर बर्फाचा काचेसारखा थर जमला होता. मी खिडकीतून त्यांना घसरताना पाहिलं आणि मीटिंग तशीच चालू ठेवून, एक इअरफोन कानात, धावत गेले. अनिकेतही त्या दिवशी घरी होता. काका बर्फात बसले होते, उजवं मनगट विचित्र वळलेलं. मी फोन काढला.

"अँब्युलन्स नको." त्यांनी डाव्या हाताने माझा फोन धरला. "पोरी, युनिफॉर्मवाले घरात नकोत. हात जोडतो. अनिकेत मला गाडीतून नेईल. तू आत जा."

"आत कशाला?"

"बूट काढून जा. दार आपटू नकोस. वर, जिना चढून डाव्या हाताला. विचारलं तर सांग, डोंगरातून आले." त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. "तीन वाजायला आलेत. ती एकटी असेल तर घाबरते."

मी आत गेले. पडदे ओढलेले, दुपार असून घरात तांबूस अंधार. भिंतींवर फोटो नाहीत, फक्त फोटोंचे चौकोनी डाग. आरसा असावा अशा जागी चादर टांगलेली. कुठेतरी लवंग-वेलचीचा मंद वास. जिना चढायला लागले तसा वरून आवाज सुरू झाला. धप्प. दोन श्वास. धप्प. मी ज्या भिंतीला कान लावला होता, तिच्या आतल्या बाजूला मी आता निघाले होते.

डाव्या हाताला बाथरूम होतं. कोरड्या टबमध्ये एक म्हातारी बसली होती. अगदी बारीक, केस पांढरे, नीट विंचरून वेणी घातलेली. मांडीवर गव्हाच्या ओंब्यांची पेंढी, सोनेरी रिबन बांधलेली, काही ओंब्यांना सोनेरी रंग फासलेला; थँक्सगिव्हिंगला सजावटीसाठी विकायला असतात तशी. हातात लाटणं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"किती आलेत?"

"मी डोंगरातून आले," मी म्हटलं.

"ते झालं. बाहेर धडपडलं ते कोण?"

"एकच होता. गेला."

"काय नेलं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? ते काही ठेवत नाहीत." तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायात वेगवेगळ्या रंगाचे मोजे. मग टबमध्ये मागे सरकून तिने जागा केली. "ये. वर उभी राहू नकोस. खिडकीतून दिसशील."

मी टबमध्ये उतरले. तिने मला एक पेंढी दिली, आणि दुसरं लाटणं नव्हतं म्हणून केसांचा ब्रश दिला. आम्ही दोघी समोरासमोर बसून गहू झोडायला लागलो. माझ्या एका कानात मॅनेजर म्हणाला, "मीनल, एनी अपडेट्स फ्रॉम युवर साइड?" मी म्यूट काढून म्हटलं, "वर्क इन प्रोग्रेस," आणि इअरफोन काढून खिशात टाकला.

"कोणाशी बोललीस?" फ्लोराकाकूंनी विचारलं.

"मुकादमाशी."

"तो त्यांचा?"

"थोडासा," मी म्हटलं. काकूंनी मान डोलावली, जणू हे त्यांना पहिल्यापासून वाटतच होतं.

तीन तास आम्ही त्या टबात होतो.

काका प्लास्टर घालून आले, काकूंना दोन घास भरवले, मग जिन्याच्या पायरीवर बसून मला सगळं सांगितलं. काकू मशिदीत मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, मराठीत. मुलं इंग्रजीत प्रश्न विचारायची, ह्या मराठीतच उत्तर द्यायच्या. मग विसरायला लागल्या. एकदा भर थंडीत अनवाणी बाहेर पडल्या, कोणीतरी पोलिसांना फोन केला. युनिफॉर्म बघून त्या इतक्या घाबरल्या की एकाला चावल्या. हॉस्पिटलात दोन दिवस त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. घरी आणल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच, "मिद्यानी आले होते. सगळं नेलं."

"मी काय शास्त्र वाचणारा माणूस?" काका म्हणाले. "लिफ्टचं मॅन्युअल वाचायचो. पण तिने नाव घेतलं म्हणून पुस्तक काढलं. म्हटलं बघू तरी, किती दिवस राहतात. डॉक्टरला विचारलं होतं, हे किती चालणार. तो आकडा सांगेना. पुस्तकात आकडा होता. सात वर्षं."

"आणि गहू?"

"सजावटीच्या गव्हात दाणा कितीसा असणार. ती डोळे मिटून मोजते, तेव्हा मी मागून मूठभर टाकतो. डबा भरला की तो घराबाहेर लपवायचा. लपवला म्हटलं की जेवते. घरात ठेवला तर घास उतरत नाही." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "लोक मला वेडा म्हणतात ते बरं आहे. तिला कोणी म्हणत नाही. तिने चांगल्या दिवसांत एकच मागितलं होतं, मला असं कोणाला दाखवू नकोस. म्हणून अश्दोद."

"तुम्हाला ओळखतात?"

"मला पहारेकरी समजते. हरकत नाही. रिटायर झाल्यावर नोकरी लागली." हे बोलून ते हसले, आणि प्लास्टरचा हात चेहऱ्यावर आदळून घेतला, कारण डोळे पुसायला सवयीने उजवाच हात वर आला होता.

मुलगा डॅनियल रेडमंडला असतो. त्या आठवड्यात तो विमानाने आला. भला माणूस आहे. जिन्यात उभा राहून रडला. "डॅड, यू कान्ट डू धिस अलोन," तो म्हणत राहिला. आईला तिकडे नेतो म्हणाला. काका म्हणाले, विमानतळावर किती युनिफॉर्म असतात ते तुला माहीत आहे. दोन दिवस बापलेकांची वादावादी चालली, एक इंग्रजीत, एक मराठीत. शेवटी ठरलं ते असं की आठवड्यातून चार दिवस एक नर्स येईल, साध्या कपड्यांत, मागच्या दाराने. आणि रविवारी दुपारी मी.

मी जायला लागले. डोंगरातून. काकूंशी बोलायला फारसं काही लागत नाही. त्यांना नागपूरचं ऊन आवडतं. तिथे गुहा आहेत का विचारतात. कधीकधी त्या एकदम कान टवकारतात, मग मीही टवकारते, आणि खरं सांगते, त्या घरात तसं बसलं की दूरवर काहीतरी चालत येत असल्याचं ऐकू येतं. पुष्कळ पायांचं. अजूनही मला ते पाइप वाटत नाहीत.

एप्रिलमध्ये काका म्हणाले, "सातवं लागलं."

"मग सात पूर्ण झाली की?"

"मग पुस्तकात पलिष्टी येतात. चाळीस वर्षं. पण तेवढे आम्ही पुरणार नाही."

गेल्या रविवारी मी वर गेले तेव्हा काका नेहमीसारखे बाथरूमच्या दाराबाहेर पायरीवर बसले होते. मला आत जाऊ दिलं. थोड्या वेळाने मी पाणी आणायला बाहेर आले, तर ते बसल्या बसल्या झोपले होते. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं, पायात बूट तसेच. इतका दमलेला चेहरा मी माणसाचा पाहिला नव्हता. मी त्यांच्या बाजूने पाऊल न वाजवता गेले.

मी पाणी घेऊन आत आले तसं लाटणं थांबलं.

"बाहेर कोण आहे?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"पहारेकरी, काकू. झोपलाय."

मला वाटलं त्या घाबरतील. त्या टबातून थोड्या उठल्या, दाराच्या फटीतून वाकून त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "सारखा उभा असतो. चांगला माणूस आहे. त्याचं घरी कोणी आहे का गं?"

"आहे ना. बायको आहे."

काकूंनी मांडीवरचे दाणे ओंजळीत घेतले आणि माझ्या ओढणीच्या टोकाला बांधले. गाठ दोनदा ओढून बघितली.

"मग हे तिला नेऊन दे," त्या म्हणाल्या. "आणि सांग, तो येईल म्हणावं. जरा उशीर होईल. वाट बघत असेल ती."